सरांसाठी राखलेला बाक

माझ्या दवाखान्यात एक बाक आहे, त्यावर कोणालाही बसू दिलं जात नाही. गिरीजच्या रस्त्यावरून आत वळलं की आधी व्हरांडा लागतो. तिथे कुत्रीमांजरं घेऊन येणाऱ्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आहेत. बाक त्यांच्या पलीकडे, भिंतीला लागून. सागवानी, चार माणसं ऐसपैस बसतील एवढा लांब, पाठीच्या पट्ट्या हात लागून लागून काळ्या गुळगुळीत झालेल्या. कोणी चुकूनही टेकू नये म्हणून मी त्यावर शेवंतीच्या कुंड्या ठेवते. "मानसांना उभं ठेवतेस नि झाडांना बसवतेस, बाय," असं सेलीनमावशी मला रोज ऐकवते. ती आमच्या शेजारच्या वाडीतली. दवाखान्यातली नावनोंदणी, झाडलोट आणि माझ्यावरची दादागिरी हे सगळं तिच्याकडे आहे.

आज सकाळी मी माझ्या हाताने त्या कुंड्या उचलून खाली ठेवल्या.

सर आले होते. माझे पीएचडीचे गाईड. निवृत्त झाल्यावर त्यांनी वसईत एका नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला असं मला कळलं, त्या दिवसापासून मी ह्या सकाळची वाट बघत होते. त्यांच्याकडे कुत्री होती, ती आता म्हातारी झाली असणार, आणि त्या बाजूला धड दवाखाना माझाच. साप डूख धरतो म्हणतात. सापाचं मला ठाऊक नाही, पण मला धरता येतो.

ते रिक्षातून उतरले तेव्हा छातीशी टॉवेलात गुंडाळलेली बिट्टी होती. पांढऱ्या केसांची पॉमेरेनियन, एके काळी कापसाच्या गादीसारखी फुगलेली, आता नुसती हाडं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारावरच्या पाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "अगं, तू! बरं झालं बाई, ओळखीचं कोणी भेटलं. ही काही खातच नाही गं." मी बिट्टीला त्यांच्या हातातून घेतलं आणि बोटाने तिचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. जनावराला मी कधी ताटकळत ठेवत नाही. माणसाची गोष्ट वेगळी.

"हिला आत नेते," मी म्हटलं. "तुम्ही बसा, सर."

ते बसले आणि बाक करकरला. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन.

हा बाक तेव्हा मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयात होता, सरांच्या केबिनबाहेरच्या बोळात. त्या बोळात फिनेलचा वास कायमचा मुक्कामाला आलेला. शवविच्छेदनाच्या खोलीकडून वारा सुटला की फॉर्मलिन डोळ्यांत चुरचुरायचं. दुपारी पलीकडच्या गोठ्यात कोणीतरी कोंडा भिजवायचं, त्याचा आंबूस ऊबदार वास आला की मला भूक लागायची. बोळाच्या टोकाला एक उंच खिडकी होती. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ चढायचं, थंडीत ते वाळून गळायचं, उन्हाळ्यात काच तापायची. माझे तिथले ऋतू मी त्या खिडकीवर मोजले.

सरांनी मला कधी नाही म्हटलं नाही. कधी आवाज चढवला नाही. त्यांचं सगळं गोड. प्रबंधाचं प्रकरण लिहून न्यावं, तर दार थोडं उघडून मान बाहेर काढायची आणि म्हणायचं, "बस हं, आलोच." त्या 'आलोच'मध्ये माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. बरोबरीच्या मुली डॉक्टर होऊन, लग्नं करून, पोरंबाळं घेऊन भेटायला यायच्या आणि मी तीच फाइल मांडीवर घेऊन त्याच बाकावर. एखादा माणूस तोंडावर शिव्या देतो तेव्हा निदान उलट शिवी देता येते. गोड माणसाला काय देणार?

एक मात्र होतं. मी बोळात शिरले की केबिनच्या आतून ठप् ठप् असा आवाज यायचा. सरांची बिट्टी तेव्हा पिल्लू होती, टेबलाखाली पोत्यावर पडलेली असायची, आणि मी आले की शेपटी कपाटावर आपटायची. मला वाटायचं, ह्या अख्ख्या इमारतीत आपण आल्याचा आनंद निदान एका जिवाला होतो.

माझा विषय होता गोचीडताप. गोचिडी जनावराला चावतात, त्यांच्यातून रक्तात आजार शिरतो, आणि चांगली धडधाकट म्हैस चारा सोडून मान टाकते. त्यासाठी मी गोखिवऱ्याचे तबेले पालथे घातले. ओलं शेण, सरकीची पेंड, म्हशींच्या अंगाची खारट वाफ, आणि बादलीत पडणाऱ्या दुधाच्या धारांचा आवाज, आधी पत्र्यावर वाजणारा आणि मग फेसात बुडत जाणारा. म्हशीच्या कानामागे हात घालून मी टरारून फुगलेल्या गोचिडी चिमट्याने सोडवायची आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. तबेलेवाले हसायचे. "मॅडम, इसका क्या अचार डालोगी?" एक भुरकट म्हैस होती, ती रक्त काढताना माझी वेणी चाटायची. घरी आल्यावर आय मला आधी मोरीत ढकलायची आणि मग बोलायची.

रक्ताचे थेंब काचपट्टीवर पसरून रंगवायचे असतात. तो जिम्सा नावाचा रंग माझ्या नखांत कायमचा मुरला होता, जांभळा. रविवारी मिस्साला मी ख्रिस्तप्रसादासाठी हात पुढे केला की फादर आधी नखांकडे बघायचे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत माझ्या काचपट्ट्या वाळायच्या आणि खिडकीबाहेर बाबांची सुकेळी.

सुकेळी म्हणजे वाळवलेली राजेळी केळी, पण एवढ्यावर भागत नाही. बाबा वाडीतला घड उतरवायचे, पेंढ्यात घालून पिकवायचे, आणि पाऊस सरून ऊन कडक झालं की सोललेली केळी मांडवावर पसरायचे. मांडव म्हणजे चार खांबांवर बोरूच्या काठ्यांची चटई. दिवसभर ऊन, संध्याकाळी सुक्या पानांत गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा ऊन. हळूहळू केळ्याला मध सुटतो, रंग तांबूस चढतो, आणि त्या वासाने गावभरच्या गांधीलमाश्या आमच्या दारात यायच्या. बाबा आंब्याची डहाळी घेऊन तिथेच बसायचे, माश्या हाकत, गुणगुणत. घाई केली की सुकेळ चामड्यासारखं होतं आणि आळस केला की त्याला बुरशी धरते. बाबांचं कधी बिघडलं नाही.

पहिल्या वर्षी मी सरांकडे निघाले तेव्हा बाबांनी सुकेळीचा पुडा हातात दिला. केळीच्या पानात बांधलेला, वरून केळीच्याच खोडाच्या सोपटाचा दोर. "गुरुकडं रिकाम्या हातानं जाऊ नये." मी लाजत नेला. सरांनी वास घेतला, "वा वा" म्हणाले, टेबलावर ठेवला. त्यानंतर प्रत्येक हंगामात पुडे गेले. एकेक पुडा बाबा निवडून बांधायचे, डाग असलेलं केळं आमच्यासाठी आणि सोन्यासारखं सरांसाठी. "आवडली का त्यांना?" असं संध्याकाळी विचारायचे. "फार आवडली," मी सांगायची. मला तरी काय माहीत होतं.

मग तो दिवस आला. शेवटचं प्रकरण सरांकडे कधीचं पडून होतं. मी घरात कोणाशी बोलत नव्हते, जेवत नव्हते. मी गोखिवऱ्याला गेल्याचं बघून बाबा मला न सांगता मुंबईला गेले. रविवारचा पांढरा शर्ट घातला, जो फक्त मिस्साला आणि लग्नाला निघायचा. बरोबर त्या हंगामातला सगळ्यात चांगला पुडा. कॉलेज विचारत विचारत शोधलं, शिपायाला नाव सांगितलं, आणि ह्या बाकावर बसले.

पुढचं मला त्या शिपायानेच नंतर सांगितलं. सरांनी दाराच्या काचेतून पाहिलं, कोण आहे ते विचारलं, आणि मागच्या दाराने निघून गेले. केबिनला मागे गोठ्याकडे उघडणारं दुसरं दार होतं, एवढ्या वर्षांत ते मला माहीत नव्हतं. बाबा संध्याकाळपर्यंत बसून राहिले. पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. बोळातले दिवे लागले तेव्हा शिपायाच्या हातात पुडा देऊन ते उठले.

घरी आल्यावर आयने आधी पाठ बघितली. शर्ट खांद्याखाली उभा फाटला होता.

"कुठं फाडलात?"

"आडकला आसल कुठं."

"नि सर?"

"कामात होते गो. मोठी मानसं, त्यांना येळ नाय मिलत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पन बाय, जागा चांगली हाय तुझी. गार वारा येतो."

आयने तो शर्ट रफू केला. पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले, आणि त्याच शर्टात आम्ही त्यांना ठेवलं. रफूचा भाग पाठीखाली गेला, कोणाला दिसला नाही. मला मात्र फादर प्रार्थना म्हणत असताना तेवढाच दिसत होता.

दफनानंतर थोड्याच दिवसांत सरांनी प्रबंधावर सही केली. "ऐकलं गं, वाईट झालं," असं म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. टोपण काढायला जेवढा वेळ लागला तेवढाच सहीला लागला. एवढंसं काम होतं ते. मी डॉक्टर झाले आणि घरी येऊन ते सांगायला मांडवापाशी कोणी नव्हतं.

मी मनात ठेवून जगणारी बाई आहे, हे मी लपवत नाही. रोज संध्याकाळी घरात रोझरी होते. प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मी ओठ मिटून घेते आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू करते. आयला ऐकू येतं, ती माळेचा पुढचा मणी ओढते. एकदा कुमसाराला, पापांची कबुली देताना, मी फादरना सांगितलं की एका माणसाचं वाईट व्हावं असं मला वाटतं. ते म्हणाले, त्या माणसासाठी प्रार्थना कर. मी केली. त्याला दीर्घायुष्य मागितलं, म्हणजे तो माझ्या तावडीत येईपर्यंत टिकेल.

आणि मग कॉलेजच्या जुन्या सामानाचा लिलाव निघाला. मोडकी कपाटं, गंजलेल्या खाटा, आणि हा बाक. मी टेम्पो घेऊन गेले. भंगारवाले माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते. घरी आणून पुसताना पाठीच्या दुसऱ्या पट्टीत हाताला लागला तो खिळा, अर्धं नख बाहेर आलेला, खांद्याच्या खाली येईल अशा जागी. सुताराने हातोडी उगारली तेव्हा मी त्याचा हात धरला. "तो राहू दे," म्हटलं.

दवाखाना बांधला तेव्हा मी मागे एक दार काढायला लावलं. गवंडी म्हणाला, "मॅडम, मागे तर नुसती केळी. दार कशाला?" लागेल कधीतरी, एवढंच मी त्याला सांगितलं. मागे बाबांनी लावलेलं राजेळीचं बेट अजून आहे. त्याच्यापुढे मी मांडव घातलाय. दर हंगामात त्यांच्यासारखी सुकेळी करते, तेवढ्याच चिकाटीने, आणि सगळी वाटून टाकते. बाबा गेल्यापासून मी स्वतः एकही तोंडात घातली नाही. घास उतरत नाही.

तर आज. बिट्टीच्या कानातून रक्ताचा थेंब घेऊन मी तो रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. गोचीडताप. म्हशींचा वेगळा, कुत्र्यांचा वेगळा, पण भाऊबंदच. मला हसू आलं. सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, आणि व्हरांड्यात आले. सर बाकाच्या कडेला अवघडून बसले होते.

"काय झालंय गं तिला?"

"गोचीडताप."

"अरे देवा." मग जरा थांबून, "तुझा विषय काय होता गं? म्हशींचं काहीतरी होतं ना?"

"सलाइन हळू चालवावं लागेल," मी म्हटलं. "संध्याकाळी तिने काही खाल्लं तर जीव वाचला म्हणायचा. थांबावं लागेल तुम्हाला."

"थांबतो की. माझ्याकडे दुसरं आहे कोण?"

हे ऐकून मला दया यायला हवी होती. आली नाही. सेलीनमावशीने त्यांना पाणी दिलं, ते मी चालू दिलं. मग ती चहाच्या पातेल्याकडे वळली तेव्हा मी तिला डोळ्यांनी अडवलं. "म्हातारा मानूस हाय," ती पुटपुटली. "माझा बापही म्हाताराच होता," मी म्हटलं. ती पातेल्यापासून मागे फिरली. अर्थात दुपारी तिने आपल्या डब्यातली भाकरी त्यांना दिलीच, मी दुसऱ्या पेशंटमध्ये आहे असं बघून.

उन्हं कलल्यावर मी पुन्हा बाहेर आले. सर जागेवरच होते, चेहरा सुकलेला.

"हा बाक ओळखलात का, सर?"

त्यांनी पट्टीवरून हात फिरवला. "नाही. जुना दिसतो. सागवान आहे का?"

"तुमच्या केबिनबाहेरचा."

"असेल, असेल." ते मोकळेपणाने हसले. "मी ह्या बाजूला कधी बसलोच नाही ना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढी वर्षं हा माणूस मी मनात उभा करून भांडले होते. त्याला शरम आणली होती, पश्चात्ताप आणला होता, एकदा तर रडवलंसुद्धा होतं. त्याला बाकच आठवत नव्हता.

"माझे वडील बसले होते एकदा. सुकेळी घेऊन आले होते."

"सुकेळी!" त्यांचा चेहरा खुलला. "हां हां, ती तुझीच का? मला गं डायबिटीस, मी कुठला खातोय. सगळी हिने खाल्ली. तू बोळात आलीस की ही शेपटी आपटायला लागायची, पुडा सुटेपर्यंतसुद्धा दम नसायचा."

मी उभीच राहिले. निवडून बांधलेले ते सगळे पुडे. सोन्यासारखी केळी सरांसाठी. आवडली का त्यांना, असं विचारणारे बाबा. आणि ती शेपटी, जी मला बघून हलते असं मला वाटायचं.

"सर, ते दिवसभर तुमची वाट बघत बसले होते."

"हो का?" त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून बघितलं. "कामात असेन मी."

"मीही आहे," मी म्हटलं. "बसा."

आत येऊन मी सलाइन काढलं. बिट्टीने डोळे उघडले होते, पण सेलीनमावशीने पुढे केलेल्या दूधभाताकडे तिने मान फिरवली, उकडलेल्या अंड्याकडेही. मी तिला उचललं आणि मागच्या दाराची कडी काढली. दवाखाना झाल्यापासून ती कडी पहिल्यांदाच निघत होती, मांडवाकडे मी नेहमी बाहेरून वळसा घालून जाते. गंज धरला होता, दार ढकलावं लागलं. बाहेर राजेळीच्या पानांतून तिरपं ऊन येत होतं आणि मांडवावरची सुकेळी तांबूस होऊन मध सोडत होती. गांधीलमाश्या घोंगावत होत्या.

बिट्टीचं नाक हललं. मग माझ्या पोटावर काहीतरी लागलं. हलकेच, पुन्हा एकदा. शेपटी.

मी पायरीवर बसले, तिला मांडीवर घेतलं आणि एक सुकेळ उचलून बोटभर तुकडा तिच्यापुढे धरला. तिने आधी चाटलं. मग दातांनी नाही, ओठांनीच घेतलं, म्हातारं माणूस घेतं तसं. डोळे मिटून चघळत राहिली. बाबांची मेहनत ह्या जगात एकाच जिवाने मनापासून खाल्ली होती आणि तो जीव माझ्या मांडीवर होता. मी आणखी तुकडा दिला. उरलेलं अर्धं हातात होतं, बोटं चिकट झाली होती. ते मी तोंडात टाकलं, आणि ते घशाखाली उतरलं.

व्हरांड्याकडून बाकाचा करकर आवाज आला. कोणीतरी उठत होतं, आणि मग चर्र, कापड फाटल्याचा. "अरेरे," सर म्हणाले. "अहो, मॅडम कुठे आहेत? माझी बिट्टी कशी आहे?"

सेलीनमावशी उघड्या दारापाशी आली. तिने मला पाहिलं, माझ्या मांडीवरच्या कुत्रीला पाहिलं, आमच्या दोघींची चिकट तोंडं पाहिली. काय करू, असं तिने मानेने विचारलं. बिट्टी माझी बोटं चाटत होती. मी मांडवावरचं दुसरं सुकेळ उचललं.

मावशी वळली. तिचा आवाज व्हरांड्यात स्पष्ट ऐकू आला.

"मॅडम कामात हायत. बसा."